दाव्यातलं दुसरं कलम

वकिलांनी दाव्याची प्रत माझ्यापुढे सरकवली, दुसऱ्या कलमावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "वाचा." मग ते खिडकीकडे बघत बसले.

'वादी हे वयोवृद्ध असून नमूद खोल्यांत पत्नीसह राहतात. वादीस अपत्य नाही.'

मी ते पुन्हा वाचलं. शेवटच्या पानावर नेहमीचा मजकूर होता: वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला असून तो माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. त्याखाली बाबांची सही.

"वादी म्हणजे माझे वडीलच ना?" मी विचारलं. प्रश्न मूर्खपणाचा होता. वकिलांनी तसं जाणवू दिलं नाही.

बाबांना जाऊन सात आठवडे झाले होते. दावा त्यांनी वर्षापूर्वी घरमालकावर लावला होता, दोन खोल्यांसाठी, ज्यांत ते आणि आई एकोणचाळीस वर्षं राहिले. छताच्या दुरुस्तीला संमती हवी म्हणून मालकाचा माणूस एक दोन पानी कागद घेऊन आला. बाबांनी दुसऱ्या पानावर सही केली. महिन्याभरात नोटीस आली की, सहा महिन्यांत खोल्या रिकाम्या करण्याचं तुम्ही पहिल्या पानावर लिहून दिलं आहे. बाबांचं म्हणणं होतं, सही केली तेव्हा त्या पानावर असलं काही नव्हतं. पान मागाहून बदललं. न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. पुढे उलटतपास व्हायच्या आधी बाबा गेले आणि त्यांच्या जागी वारस म्हणून आईचं आणि माझं नाव लावायचा अर्ज केला गेला.

"समोरच्या वकीलबाईंनी हरकत घेतलीय," वकील म्हणाले. "बापानेच लिहून दिलंय, मुलगी नाही. ही आली कुठून? ती हरकत टिकायची नाही. जन्मदाखला आहे, शाळेचे दाखले आहेत. पण बाईंना हरकत जिंकायचीच नाहीये. त्यांना तुम्ही पिंजऱ्यात हव्यात. एकच प्रश्न विचारायला."

"कोणता?"

"हे वाचून वडिलांनी सही केली का?"

त्यांनी पानं उलटून सातवं कलम काढलं. तेवढं त्यांनी आधीच ऐकवलं होतं आणि ते मला पाठ होतं. 'वादी हे व्यवसायाने मुद्रितशोधक असून कोणताही कागद अक्षरन् अक्षर वाचल्याखेरीज त्यावर सही करीत नाहीत.' बाबांनी चव्वेचाळीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढल्या होत्या. पान बदललं, या म्हणण्याला त्यांच्याकडे दुसरा पुरावा नव्हता. त्यांचा धंदा हाच पुरावा.

"न वाचता सही केली म्हणालात तर सातवं कलम गेलं, आणि त्याच्यामागे दावा गेला," वकील म्हणाले. "वाचून केली म्हणालात तर दावा उभा राहतो. मग दुसरं कलम त्यांनी जाणूनबुजून ठेवलं असं होईल. होऊ दे. माणूस रागात लिहितो काहीबाही." ते जरा थांबले. "तुमचं आणि त्यांचं काही...?"

"दोन वर्षं बोलणं नव्हतं."

"मग प्रश्नच मिटला." त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं लगेच वाईटही वाटलं. त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं.

"तुमचीही सही आहे यावर," मी म्हणाले. "तुम्ही वाचलं नव्हतं?"

"मी सातव्यापासून पुढे वाचलं. मुद्दा तिथे होता. अलीकडचं काय, दर दाव्यात तेच असतं."

तो सोमवार होता. साक्ष गुरुवारी.

भांडण पुस्तकावरून झालं होतं. बाबांनी तपासलेलं एक पुस्तक मी विकत घेतलं, त्यातल्या अकरा चुकांखाली पेन्सिलने रेघा मारल्या आणि घरी येऊन ते त्यांच्यापुढे ठेवलं. "बाबा, आता काम थांबवा," मी म्हणाले. मी ते काळजीने म्हटलं होतं, पण अकरा हा आकडाही उच्चारला होता. त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. माझ्या कानाशेजारच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "तुला दार माहीत आहे." मी पिशवी उचलली. त्यानंतर ते मला दिसले ते दवाखान्यातल्या खाटेवर, तोंडात नळी. तेव्हा बोलणं शक्य नव्हतं.

मंगळवारी मी कार्बनकाकांकडे गेले. कोर्टाच्या जिन्याखाली त्यांचं टेबल आहे. आमचा दावा त्यांनीच टाइप केला होता. कार्बन पेपर जाऊन कॉम्प्युटर आला तरी नाव काही बदललं नाही. मी कोण ते सांगितलं आणि दुसरं कलम दाखवलं. त्यांनी चष्मा वर सारला, वाचलं आणि स्वतःच्या गालावर हलकेच चापट मारली.

"पोरी, मॅटर कुणी कोऱ्या पानावर टाइप करतं का? जुन्या मॅटरवर नवीन बसवायचं. नावं बदलायची, पत्ते बदलायचे, तारखा बदलायच्या. एकाला मी असाच त्याच्या मेव्हण्याच्या बायकोपासून घटस्फोट मिळवून देत होतो."

त्यांनी मशीनमध्ये शोधलं. आमच्या दाव्याच्या तीन आठवडे आधीचा एक दावा निघाला. कुणी दुसरा म्हातारा, दुसरा घरमालक. त्यातलं दुसरं कलम: 'वादीस अपत्य नाही.'

"हा बघ तुझा चोर," कार्बनकाका म्हणाले. "याला खरंच नव्हतं. याचं पोर तुझ्या वडिलांना चिकटलं. म्हणजे न-पोर."

मी हसले. सात आठवड्यांत पहिल्यांदा. तेवढ्यात ते म्हणाले, "पण तुझ्या वडिलांनी कसं सोडलं ते? इथे या स्टुलावर पाऊण तास वाचत होते."

"पाऊण तास?"

"घड्याळ लावून. मी सगळ्यांना वाचून दाखवतो. त्यांना म्हटलं, वाचू का? तर म्हणाले, मला तुम्ही वाचून दाखवणार? मी म्हटलं, चुकलो साहेब. मग एकेक पान असं समोर धरून वाचलं. मध्येच पेन काढलं, मूळ प्रतीवर एक खूण केली. मी विचारलं, काय राहिलं? म्हणाले, राहू द्या, चालेल. मोठा माणूस. दुसरा असता तर मला फाडून खाल्ला असता."

टाइप करताना ते वाक्य चुकून आलं होतं, हे कळलं. पण पाऊण तास वाचणाऱ्या माणसापुढे ते होतं, आणि त्याने ते राहू दिलं होतं.  चूक कार्बनकाकांची आणि ती तशीच ठेवायचा निर्णय बाबांचा, असंही होऊ शकत होतं. मूळ प्रत बघितल्याशिवाय गुरुवारी मी काय बोलणार होते ते मलाच माहीत नव्हतं.

बुधवारी अर्ज देऊन मी अभिलेख कक्षात बसले. तिथल्या कारकुनाने माझं पेन काढून घेतलं.

"पेन्सिल चालेल. पेन बाहेर. मागे एकजण स्वतःच्या विरुद्धचा निकाल खाडाखोड करून जिंकायला बघत होता."

तो समोर खुर्ची टाकून बसला आणि मी फाइल उघडली. पहिलं पान, दुसरं कलम. त्यावर काहीही खूण नव्हती. कागदाला पडलेली घडी सोडली तर तिथे पेनाचा ठिपकाही नव्हता. दुसरं पान, काही नाही. तिसऱ्या पानावर, पाचव्या कलमात, निळ्या शाईचं हंसपद होतं.

हंसपद म्हणजे दोन शब्दांमध्ये खालून घालायची ती टोकदार खूण; इथे काहीतरी राहिलं आहे असं सांगणारी. मी सात वर्षांची असताना बाबांनी मला ती शिकवली. शिकवताना म्हणाले होते, हंसपद घातलं की राहिलेला शब्द समासात लिहायचाच. नुसतं हंसपद म्हणजे हाक मारून गप्प बसणं. तसं करणाऱ्याला छापखान्यात उभं करत नाहीत.

समासात काही लिहिलेलं नव्हतं.

मी पान जवळ घेतलं. ते हंसपद दोन शब्दांच्या मध्ये नव्हतंच. 'कागद' या शब्दातल्या ग-च्या पोटात त्याचं टोक घुसलं होतं. त्या वाक्यात काही राहिलेलंही नव्हतं. आणि खालच्याच ओळीत 'उक्त उक्त खोल्या' असं दोनदा छापलं होतं. तो शब्द तसाच होता. लहान मुलालाही दिसला असता.

मी ती पाच पानं पहिल्यापासून पुन्हा बघितली, या वेळी चुका शोधत. कार्बनकाकांच्या नऊ चुका निघाल्या. बाबांनी एकीलाही हात लावलेला नव्हता. एक खूण, तीही जिथे काही चुकलेलं नाही तिथे, समोर बसलेल्या माणसाला दिसावी म्हणून.

"झालं का ताई?" कारकुनाने विचारलं. मी बराच वेळ एका पानावर बोट ठेवून बसले असणार.

घरी आले तेव्हा आई स्वयंपाकघरात डबे पुसत होती. सात आठवडे ती तेच डबे पुसत होती.

"बाबांना वाचता येत नव्हतं," मी म्हणाले.

तिचा हात थांबला नाही. "कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. मूळ कागद बघून आले."

"तुला कुणी पाठवलं होतं तिथे उकरायला?"

"आई, कधीपासून?"

तिने डबा फळीवर ठेवला, नीट ओळीत, मग दुसरा घेतला. "कडेकडेचं दिसायचं. चालायला अडत नव्हतं. पण ज्याच्याकडे बघावं तेवढंच नाहीसं व्हायचं. अक्षर बघितलं की अक्षर नाही, माणूस बघितला की त्याचं तोंड नाही. मला म्हणाले, कुणाला बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

"मला तरी सांगायचंस. सोमवारी तरी."

"कशाला?" ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "तुला माहीत नव्हतं तोवर तू तिथे उभी राहून वाचलं म्हणाली असतीस आणि ते खोटं नसतं झालं. वकील मलाच उभं करत होते. मी गुडघ्यांचं निमित्त सांगितलं. मला माहीत आहे, मग मी शपथेवर कशी म्हणू? म्हणून तुला पुढे केलं. आता तू जाऊन जाणून घेतलंस."

"आणि मी म्हणायचं, बाबांनी वाचून, विचार करून लिहिलं की मला मूल नाही?"

"लिहिलं म्हणून काय तू माझ्या पोटची राहणार नाहीस?"

"मग तूही तसं लिहून दे," मी म्हणाले. ते शब्द तोंडातून गेल्यावर परत घ्यावेसे वाटले, पण घेतले नाहीत.

आई स्टुलावर बसली. "अख्ख्या छापखान्याला त्यांनी कळू दिलं नाही. मी त्यांचा हात धरायचे तर म्हातारपणी प्रेम उतू चाललंय म्हणून लोक हसायचे. चालायचं त्यांना. ते मेल्यावर आता भर कोर्टात सांगायचं, आंधळे होते, खोटं बोलले? आणि दावा गेला की मी कुठे जायचं? तुझ्या त्या एका खोलीत? तुझ्या पुस्तकांवर झोपू?"

 ती बसल्या बसल्या पुन्हा डबे पुसू लागली. वकिलांना फोन करावा असं एकदा मनात आलं, पण मी केला नाही. त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी मला उभंच केलं नसतं.

गुरुवारी अकरा वाजता आमचा पुकारा झाला. आई सगळ्यात मागच्या बाकावर बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. मी शपथ घेतली. आमच्या वकिलांचे प्रश्न दहा मिनिटांत संपले. मग समोरच्या वकीलबाई उठल्या. त्यांचा आवाज इतका मऊ होता की मला पुढे वाकून ऐकावं लागत होतं.

"वडील मुद्रितशोधक होते?"

"हो."

"चांगले?"

"फार चांगले."

"डोळ्यांत तेल घालून वाचणारे."

"हो."

त्यांनी मान डोलावली, जणू माझ्याबरोबर त्याही त्यांचं कौतुक करत होत्या. मग दाव्याची प्रत माझ्या हातात दिली. "दुसरं कलम. जरा मोठ्याने वाचता?"

मी वाचलं. टायपिस्टच्या बोटांचा आवाज थांबेपर्यंत त्या थांबल्या.

"सही वडिलांची?"

"त्यांचीच."

"हे लिहिलं त्याच्या आधीच्या वर्षभरात तुम्ही त्यांना भेटला होता?"

"नाही. त्याच्या आधीपासून नाही."

"फोन?"

"बाबा फोनवर येत नसत."

"म्हणजे काहीच संपर्क नाही."

"मी पत्रं लिहिली. नऊ."

"उत्तर आलं?"

"नाही."

"एकाही पत्राला नाही?"

"नाही."

"मग असं म्हणायचं का, की तुम्हाला मुलगी मानणं त्यांनी सोडलं होतं, आणि तेच इथे विचारपूर्वक लिहिलं, वाचलं, आणि खाली सही केली?"

आमच्या वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी आखलेल्या वाटेवर बाईंनीच मला आणून सोडलं होतं. हो म्हटलं की संपलं. दावा उभा राहिला असता, आईच्या खोल्या राहिल्या असत्या, बाबांचे डोळे शाबूत राहिले असते. मी मागच्या बाकाकडे पाहिलं. आई पर्सच्या कडीकडे बघत होती.

आणि त्या क्षणी मी हिशेब केला, जो काल दिवसभर केला नव्हता. अकरा चुकांचं पुस्तक आधीचं. नऊ पत्रं नंतरची. माझं अक्षर बारीक आहे.

"त्यांनी पत्रं वाचली नाहीत," मी म्हणाले.

"मी तसं विचारलं नाही."

"त्यांना वाचता येत नव्हतं. डोळ्यांपुढचं मधलं सगळं गेलं होतं. पत्रं वाचली नाहीत, हे कलमही वाचलं नाही."

आमचे वकील अर्धे उठले आणि तसेच राहिले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांना हाती काय लागलं ते त्यांना कळलं होतं. आवाज आणखी मऊ झाला.

"म्हणजे हा सबंध दावा न वाचता सही केलेला आहे."

"हो."

"आणि सातवं कलम? अक्षरन् अक्षर वाचल्याखेरीज सही करीत नाहीत, हे?"

"ते त्यांनी चव्वेचाळीस वर्षं केलं."

"खरं की खोटं, तेवढंच सांगा."

"दावा लावला तेव्हा खोटं."

बाई खाली बसल्या. त्यांच्या दृष्टीने काम झालं होतं. न्यायाधीशांनी मात्र टायपिस्टला हाताने थांबवलं आणि मला विचारलं, "मग ते संमतीपत्र त्यांनी वाचलं होतं?"

"नाही. वाचणं शक्य नव्हतं. मालकाच्या माणसाने छताच्या दुरुस्तीचं आहे म्हणून सांगितलं, आणि त्यांनी त्यावर भरवसा ठेवला. मग नोटीस आल्यावर, मला दिसत नव्हतं, हे कबूल करण्यापेक्षा पान बदललं म्हणणं त्यांना सोपं गेलं असावं."

"असावं, ही साक्ष नाही," वकीलबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

"नाही," मी मान्य केलं. "पण त्यांना दिसत नव्हतं, ते मूळ दाव्यात दिसतं. तिसऱ्या पानावर."

फाइल मागवली गेली. मी हंसपद दाखवलं, रिकामा समास दाखवला, खालचे दोन 'उक्त' दाखवले. मुद्रितशोधकाने नुसतं हंसपद घालून पान सोडणं का अशक्य आहे ते सांगितलं. बोलताना माझा आवाज बाबांसारखा होत चालला आहे असं मला वाटलं. ते प्रूफ समजावताना असेच हळूहळू बोलत. न्यायाधीशांनी चष्मा काढून कागद नाकाशी धरला.  मालकाचा तो माणूस बाईंच्या मागे बसला होता, त्याने पुढे वाकून त्यांना काहीतरी विचारलं. बाई न्यायाधीशांच्या हातातल्या कागदाकडेच बघत राहिल्या.

हुकूम थोडक्यात झाला. वादीच्या वारसांनी पंधरा दिवसांत दावा दुरुस्तीचा अर्ज द्यावा, वैद्यकीय कागद असल्यास जोडावेत. मूळ वादीने शपथेवर खोटं विधान केलं, याचा काय परिणाम होतो ते निकालात पाहू. तोपर्यंत मनाई हुकूम कायम.

बाहेर व्हरांड्यात वकील माझ्यावर ओरडले नाहीत. "जिंकू असं म्हणत नाही," ते म्हणाले. "अर्ज मंजूर होईलच असंही नाही. पण काल सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही उभं केलं असतं?"

त्यांनी विचार केला. "नसतं." आणि ते तारखेची नोंद करायला आत गेले.

आई बाकावर बसली होती. मी शेजारी बसले. मध्ये तिची पर्स.

"डोळ्यांच्या डॉक्टरचा कागद आहे," ती म्हणाली. "एकदाच गेलो होतो. त्या संमतीपत्राच्या आधी. माझ्या कपड्यांखाली ठेवलाय, कपाटात."

"देशील?"

"न देऊन आता कुणापासून लपवू?" तिने नाक पुसलं. समोरून लोक जात होते, हातात फाइली, काखेत छत्र्या. ती त्यांच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "तुझी पत्रं त्यांनी मला वाचू दिली नाहीत. पेपर वाचायला द्यायचे, विजेचं बिल द्यायचे. पत्र आलं की म्हणायचे, हे माझं आहे. खिडकीपाशी जाऊन फोडायचे. समोर धरून उभे राहायचे, पान उलटायचे, परत उभे राहायचे. मग घडी घालून ठेवायचे."

"काही म्हणायचे?"

"मी विचारायचे, काय म्हणते? तर म्हणायचे, बरी आहे." आईने पर्सची कडी उघडली आणि मिटली. "नऊच्या नऊ वेळा. बरी आहे म्हणते. मला वाटायचं, बरी आहे तर मग उत्तर का देत नाहीत हे. एखाद्याने लिहायला तरी मला सांगावं. तेही नाही."



"होतीस का बरी?" तिने विचारलं.

"नाही."

"मग काय लिहिलं होतंस?"

वकील कागद हलवत आमच्याकडे येत होते. वकालतनाम्यावर आणखी एक सही हवी होती. आईने मान वर न करता हात आडवा धरला.

"जरा थांबा, वकीलसाहेब," ती म्हणाली. "ही बोलतेय."